मशरिक म्हणजे उजवा हात

एकोणीस वर्षांचा असताना मी मानवतमध्ये भूगोल शिकवायला उभा राहिलो तो उर्दूतून. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांची शाळा म्हणजे उर्दू, हे इतकं ठरून गेलेलं होतं की त्याचं कुणाला नवलही वाटायचं नाही. घरात मराठी, बाजारात दोन्हींची मिसळ, आणि शाळेच्या दारात पाऊल टाकलं की भूगोलाचा जुगराफिया व्हायचा आणि बेटाचा जजीरा. मीही तसाच घोकून मॅट्रिक झालो होतो. भूगोलाचे जुने मास्तर लांबच्या रजेवर गेले आणि परतलेच नाहीत, तेव्हा सदर साहेबांनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी, मला तात्पुरतं घेतलं. वर्ष संपायच्या आत मुआयना व्हायचा होता. हैदराबादेहून तपासणीसाहेब येणार, माझा वर्ग बघणार आणि त्यांचं मत चांगलं पडलं तर मी कायम होणार. जुन्या मास्तरांची शाळेतच राहिलेली शेरवानी आईनं उसवून माझ्या मापाची केली होती. ती घालून मी गल्लीतून निघालो की ओट्यावरच्या बायका पदराआड हसायच्या, आणि मला वाटायचं त्या आदरानं बघायल्यात.

घर आमचं दाणेबाजाराच्या मागच्या गल्लीत. पहाटे जिनिंग गिरणीचा भोंगा व्हायचा, त्याच्या पाठोपाठ मशिदीतली बांग, आणि मग आमच्या वडिलांची, अण्णांची, संध्या. हे तीन आवाज एकामागून एक आले नाहीत तर आईला दिवस उजाडल्यासारखं वाटायचं नाही. कापसाच्या दिवसांत गाड्यांच्या घुंगरांनी रात्र आणि सकाळ एकच होऊन जायची, आणि घरातल्या पाण्याच्या रांजणावरसुद्धा रुईचे तंतू येऊन बसायचे. आई चुलीपुढून उठायची नाही. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं करडईचं तेल, आणि पाहुणा आला तर येसराची आमटी. येसर, म्हणजे आमटीत घालायचं मसाल्याचं पीठ, आई भाजायची तेव्हा अख्ख्या गल्लीला ठसका लागायचा. ती आमटी मी नंतर पुण्यात आणि नागपुरात करवून घेतली, सुनेनं मनापासून केलीही, पण ठसका कुणालाच लागला नाही. असो, खाण्याचं सांगत बसलो तर प्रकरण तिथंच संपेल.

अण्णा जोशीपण करायचे. पंचांग, मुहूर्त, लग्नाच्या तिथी. सकाळी ओट्यावर माणसं येऊन बसायची. कुणी म्हणायचं, "अण्णा, उद्या बुधवार हाय, लेकीकडं वालूरला निघायचंय." अण्णा म्हणायचे, "बुधवारी उत्तरेला दिशाशूळ. थांबणं होत नसेल तर चार धणे तोंडात टाक आणि नीघ." माणूस समाधानानं जायचा. मी आत भाकरी खात हे ऐकायचो आणि मनात हसायचो. एकदा तोंडावर बोललोही, की अण्णा, तुमची उत्तर वालूरपाशी संपती, माझी सायबेरियापर्यंत जाती. अण्णा रागावले नाहीत. "जाऊ दे की," म्हणाले, "निघताना तोंड कुठं करायचं तेवढं कळलं म्हणजे झालं." त्यावर मी आणखी हसलो. त्या वयातलं माझं ते हसणं आठवलं की आता मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

शाळा भाड्याच्या जागेत होती. एका अडत्याचं कापसाचं जुनं गोदाम, बांबूच्या तट्ट्यांनी पाडलेले चार भाग, शेवटचा मोठा भाग माझा. रस्त्याकडं सगळी दारंच दारं, उजेड तिथूनच यायचा. एका बाजूला सदर साहेबांची खोली. दुसऱ्या बाजूला एक लहान दार होतं, पण ते बंद, कारण त्याच्यापुढं अडत्याची सरकीची पोती छतापर्यंत रचलेली. राहिली दारांच्या समोरची भिंत, चांगली गुळगुळीत. जुने मास्तर नकाशाशिवायच शिकवायचे. मी मात्र अर्जांवर अर्ज केले आणि हैदराबादेहून आशियाचा नकाशा मिळवला. कापडावर डकवलेला, वर आणि खाली काठ्या, पत्र्याच्या नळकांड्यात घालून आलेला. तो उघडला तेव्हा सरसाचा वास आला आणि पोरं बाकांवर उभी राहिली. त्या गुळगुळीत भिंतीत मी माझ्या हातानं खिळा ठोकला आणि नकाशा टांगला. दुसरी भिंतच नव्हती.

मग मी एक कवायत काढली. भूगोल पोरांच्या डोक्यात नुसता कानांतून जात नाही, अंगातून गेला पाहिजे, असं माझं त्या वेळचं मत. रोज तास सुरू झाला की चाळीस पोरं नकाशाकडं तोंड करून उभी राहायची. मी ओरडायचो, "मशरिक!" म्हणजे पूर्व. चाळीस उजवे हात वर. "मगरिब!" म्हणजे पश्चिम. चाळीस डावे हात. शुमालला, उत्तरेला, दोन्ही हात डोक्यावर आणि जुनूबला, दक्षिणेला, खाली पायांकडं. असं दहा वेळा. आवाज बाजारापर्यंत जायचा. सदर साहेब तट्ट्यावरून डोकावून मान हलवायचे. पालक दारात थांबून बघायचे. मी शेरवानीची बटणं लावत मनात म्हणायचो, मुआयना येऊ द्या तर खरं.

या चाळिसांत यासीन होता. मणियारांचा. त्याचा आजा बाजारात बांगड्यांचं दुकान चालवायचा आणि आजी, जिला सगळं गाव बिबी म्हणायचं, ती घरोघर जाऊन बायकांना बांगड्या भरायची. आमच्याकडं ती संक्रांतीला आणि नागपंचमीला हमखास यायची, आईचा हात हातात धरून दाबत दाबत हिरव्या बांगड्या चढवायची आणि तोंडानं सगळ्या गावाची खबर सांगायची. यासीनचा बाप त्या आधीच्या वर्षी तापानं गेला होता. त्या घरातलं वरच्या शाळेत आलेलं हे पहिलंच पोर. "आजा म्हनतो दुकानावर बसव," बिबी आईला म्हणाली होती, "म्या म्हनलं, न्हाई. शिकू द्या. पर त्यो बी हट्टी हाय, बाई. म्हनला, शिकून बिघडलं न्हाई तवरच शाळा. जरा वाकडं गेलं का त्याच दिवशी बंद." यासीनला हे माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. तो चौदा वर्षांचा, बारीक, मोठ्या डोळ्यांचा, हसायचा कमी. बांगड्या ज्या कागदात गुंडाळून येत त्यावर तो नकाशे काढायचा आणि मला आणून दाखवायचा. माझा तो सगळ्यात आवडता विद्यार्थी होता, हे मी तेव्हा त्याला कधी सांगितलं नाही.

अरबस्तानचा सबक, म्हणजे धडा, आला तो हिवाळ्यात. वाळवंट, खजूर, उंट, आणि लाल समुद्राच्या काठाजवळ मक्का. मी काठीनं जागा दाखवली. यासीन उभा राहिला.

"साहब, मक्का शरीफ हमारे किधर को?"

"मगरिब की तरफ."

"मगरिब याने ये हाथ?" त्यानं डावा हात वर केला.

"हाँ, यही हाथ."

तो बसला, पुन्हा उठला आणि पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं तेव्हा मला कौतुकच वाटलं, की बघा, पोरगं किती पक्कं करून घेतंय. त्याचा चेहरा उतरला होता का? आज डोळे मिटून बघतो तेव्हा उतरलेला दिसतो. तेव्हा मी माझ्याच आवाजावर खूश होतो.

त्या काळी शाळेला सुटी शुक्रवारची. शनिवारी सकाळी मी शेरवानी चढवत होतो आणि बिबी आमच्या दारात आली. सण नव्हता, वार नव्हता, डोक्यावर बांगड्यांची टोपली नव्हती. आईनं पाट दिला तर ती बसली नाही. माझ्याकडं बघून एकदम म्हणाली, "मास्तर, माझ्या पोराला काय शिकवलं तुमी?"

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. चार दिवस यासीन नीट जेवत नव्हता. आज्याला म्हणत होता, आपण सगळेच चुकायलोत, काबा हिकडं न्हाई, तिकडं हाय. आज्यानं आधी समजावलं, मग दटावलं. काल जुम्म्याच्या नमाजाला सगळे रांगांत उभे राहिले आणि मागच्या रांगेतला यासीन वळला. सगळ्या जमातीकडं पाठ करून, अंगणाकडं तोंड करून, हात बांधून उभा राहिला. लोकांना वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. नमाज झाल्यावर आज्यानं त्याला बाहेर आणून चार लोकांदेखत मारलं. "मार खाऊन रडलं न्हाई," बिबी म्हणाली, "पर रातच्याला माझ्यापशी येऊन रडलं. म्हनलं, दादी, अब्बासाठी आपन रोज दुवा मागतो ती पोचतच न्हाई. समदी उलटीकडं चाललीय. मास्तरनं नकाशात दावलंय." पदर सावरून ती पुढं म्हणाली, "आज्यानं शाळा बंद केली, मास्तर. पाटीदप्तर माळ्यावर टाकलं."

मी हादरलो. पण खोटं कशाला सांगू, हादरलो तो पोरासाठी नाही, स्वतःसाठी. काबा उलट्या दिशेला आहे असं हिंदू मास्तरनं मुसलमान पोराला शिकवलं, ही बातमी गावात फिरली तर माझी नोकरी तर गेलीच, पुढं काय होईल ते सांगता येत नव्हतं. आणि मी तर असं काही शिकवलंच नव्हतं! मी तर म्हणालो होतो, मगरिब. पश्चिम. पुस्तकात तेच, नकाशात तेच, आणि मशिदीचं तोंडही तिकडंच. माझ्या सांगण्यात कुठं काय चुकलं? मी बिबीला तावातावानं हेच सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मग माझं पोरगं खोटं बोलायलंय म्हना की."

दुसऱ्या दिवशी सदर साहेबांनी बोलावलं. आजा त्यांच्याकडं येऊन गेला होता. सदर साहेब औरंगाबादकडचे, वयस्कर, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, असं काही शिकवलंत का? मी पुस्तक उघडून पुढं ठेवलं. त्यांनी वाचलं, मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. म्हणाले, पोराचा समजण्यात घोटाळा झाला असेल, तेवढं लिहून द्या, मी त्याच्या आज्याला दाखवतो, मुआयन्याच्या तोंडावर हे प्रकरण वाढायला नको. मी तिथंच टेबलावर बसून सुंदर अक्षरात लिहून दिलं, की या विद्यार्थ्यानं सबक लक्ष देऊन ऐकला नाही आणि मनानंच काहीतरी भलतं धरून बसला. सही केली. अक्षराचं सदर साहेबांनी कौतुकही केलं.

सोमवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी वर्गातच वह्या तपासत बसलो होतो. अडत्याचे हमाल आले. सरकीची पोती हलवायची होती, गिऱ्हाईक लागलं होतं. मी म्हटलं हलवा. ते दोघं पोती काढून नेऊ लागले, धूळ उडाली, मी रुमाल नाकाला लावून वह्यांत डोकं घातलं. शेवटी एकानं ते बंद असलेलं लहान दार लाथ घालून उघडलं आणि वर्गात एकदम पिवळा उजेड आला. मी मान वर केली. समोर नकाशा होता. नकाशाच्या उजव्या अंगाला, जपानच्या पलीकडं, ते दार होतं, आणि दारात सूर्य होता. मावळत होता.

मी बघत राहिलो. सूर्य जपानच्या बाजूला मावळत होता. मला आधी वाटलं सूर्याचंच काहीतरी चुकलंय. हसू नका, खरंच वाटलं. मग मी उठलो, नकाशाकडं तोंड केलं आणि आठ महिने पोरांना करायला लावत होतो तसा उजवा हात वर केला. मशरिक. पूर्व. माझा हात सरळ त्या मावळत्या सूर्याकडं गेला. डावा हात वर केला. तो उगवतीकडं गेला. नकाशा मी दक्षिणेकडच्या भिंतीवर टांगला होता. चाळीस पोरं रोज दक्षिणेकडं तोंड करून उभी राहत होती आणि मी त्यांना घोकवत होतो की उजवा हात म्हणजे पूर्व. मक्का कुठं विचारल्यावर मी यासीनला डावा हात दाखवला होता. म्हणजे पूर्व. पोरानं लक्ष देऊन ऐकलं होतं. चाळीस पोरांत लक्ष देऊन ऐकणारं ते एकच पोर होतं, बाकीची नुसते हात हलवत होती. आणि मी लिहून दिलं होतं, की त्यानं ऐकलं नाही. हमालानं विचारलं, "काय झालं, मास्तर? भोवळ आली का?" मी खालीच बसलो, त्या सरकीच्या कचऱ्यात, शेरवानीसकट.

हे असं कसं होऊ शकतं, असं मला पुढं पुष्कळांनी विचारलं. जोश्याच्या पोराला पूर्व कळू नये? कळत होती की. घरी मला झोपेतसुद्धा पूर्व सांगता आली असती, अण्णा रोज तिकडं तोंड करून अर्घ्य द्यायचे. पण ती घरची पूर्व होती आणि मशरिक ही शाळेची. दोन्ही एकच आहेत हे मला माहीत होतं, फक्त मी त्या कधी एकमेकींना भेटवल्या नव्हत्या. पुढं जवळपास चाळीस वर्षं भूगोल शिकवला, पण नकाशा भिंतीवर टांगायच्या आधी तो मी जमिनीवर अंथरायचो, उत्तर उत्तरेकडं करून, आणि पोरांना त्याच्याभोवती फिरवायचो. आता नातवाच्या फोनमधला नकाशा आपण वळलो की आपोआप वळतो. पहिल्यांदा त्यानं दाखवला तेव्हा मी फोन हातात धरून इतका वेळ गोल गोल फिरत राहिलो की सून घाबरून पाणी घेऊन आली.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. मला वाटलं, ते हसतील. सायबेरियाचा सूड घेतील. पण अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "दिशा उलट्या शिकवल्यास?" ते म्हणाले. "चाळीस पोरांना? आठ महिने?" त्यांना तर तो माझ्याहून मोठा धक्का होता. दिशा चुकणं म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. मग म्हणाले, "आत्ता ऊठ आणि मणियाराकडं जा."

"मुआयना आठ दिवसांवर आलाय, अण्णा. झाला की जातो."

"त्या पोरानं पाठ फिरवली ती तुझ्या सांगण्यावरून. तू झोपणार कसा?"

आई मध्ये पडली. "अहो, होऊ द्या की मुआयना. पोराचं कायम व्हायलंय. आठ दिवसांनं काय बिघडतंय? शाळा तर बंद हायेच त्याची."

अण्णांनी आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मी जाऊन उपयोग नाही," म्हणाले, "हे तुझ्याच तोंडून जायला पाहिजे." आणि ताटावरून उठले. ते आठ दिवस अण्णा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

त्या आठ दिवसांत मी काय केलं ते सांगतो. मी कवायत चालूच ठेवली. मुआयन्यात तीच दाखवायची होती, सदर साहेबांनी तसं वर कळवलंही होतं, ऐन वेळी ती का बंद केली म्हणून कुणी विचारलं असतं. सकाळी मी ओरडायचो, "मशरिक!" आणि चाळिसातले एकोणचाळीस हात मावळतीकडं जायचे. आधी मी चुकत होतो. आता मी जाणूनबुजून खोटं शिकवत होतो. यासीनची जागा दुसऱ्या बाकावर कडेला होती, तिथं कुणी सरकून बसलं नव्हतं. मुआयन्याच्या दिवशी तपासणीसाहेब आले, गोरे, गोल चेहऱ्याचे, हसरे. कवायत त्यांना इतकी आवडली की ते स्वतः पोरांच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि "मशरिक!" म्हटल्यावर त्यांनीही उजवा हात वर केला. लहान दार त्या दिवशी उघडंच होतं. कुणाच्या म्हणजे कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी बधिर होऊन त्या वर गेलेल्या हाताकडं बघत होतो. साहेबांनी शाब्बास म्हटलं, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि मी कायम झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मणियारांच्या दुकानात गेलो. आजा गादीवर बसून बांगड्या सुतळीत ओवत होता. पांढरी दाढी, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. मला बघून उठला, जागा दिली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. भिंत, नकाशा, उजवा हात, डावा हात, लहान दारातला सूर्य. त्याला आधी नीट कळेना, म्हणून मी दुकानासमोरच्या धुळीत रेघा ओढून दाखवल्या. तो कितीतरी वेळ त्या रेघांकडं बघत बसला. मग म्हणाला, "म्हंजे पोरगं खोटं बोललं न्हवतं."

"नाही."

"आन् ध्यान देऊन ऐकलं बी व्हतं."

"त्यानंच ऐकलं होतं."

त्यानं हातातली सुतळी खाली ठेवली. "तुमाला हे कवा कळलं, मास्तर?"

काल, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. मी म्हणालो, "मागच्या सोमवारी."

आज्यानं माझ्याकडं बघितलं. "मधी शुक्रवार गेला की, मास्तर," तो म्हणाला. आणि मग हळूहळू सांगू लागला. सदर साहेबांनी माझा कागद त्याला दाखवला होता. त्या शुक्रवारी नमाजानंतर त्यानं यासीनला मशिदीच्या पायऱ्यांवर उभं केलं होतं, बाहेर पडणाऱ्या एकेकाची माफी मागायला. म्हातारी माणसं, ओळखीचे, अनोळखी, त्याच्या वर्गातली पोरं. सगळ्यांची. "पोरगं म्हनत व्हतं, मास्तरला इच्यारा, मास्तरला इच्यारा. म्या म्हनलं, मास्तरनंच लिहून दिलंय." त्याचा आवाज फाटला. "म्या उभं केलं त्याला. माझ्या हातानं दंडाला धरून." मला वाटलं होतं, हा माणूस मला शिव्या देईल, दुकानाबाहेर काढेल. मी ते सगळं ऐकून घ्यायची तयारी करून गेलो होतो. त्याऐवजी तो चष्मा काढून डोळे पुसत बसला आणि मी त्याच्या पुढं नुसता उभा. माझ्या आठ दिवसांत काय झालं असेल, याचा मी विचारच केला नव्हता. मला वाटलं होतं, माझ्यासाठी सगळं जिथल्या तिथं थांबून राहील.

यासीन मागच्या खोलीत होता. त्यानं सगळं ऐकलेलं होतं. आज्यानं हाक मारल्यावर पडदा सारून बाहेर आला, मला सलाम केला, पहिल्यासारखाच. मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलो. आणि नको तेच बोललो. "अरे, सूर्य तर तुला रोज दिसत होता ना रे? तुझ्या ध्यानात कसं आलं नाही?"

शाळेत तो माझ्याशी उर्दूतच बोलायचा. त्या दिवशी पहिल्यांदा मराठीत बोलला. "ध्यानात आलतं की, मास्तर. रोजच दिसत व्हता. पर तुमी सांगितलं व्हतं."

आजा म्हणाला, "पोरा, उद्यापासून शाळेत जा. माझं काई म्हननं न्हाई." यासीन आत गेला, माळ्यावर कसलीतरी खुडबुड झाली, आणि तो भूगोलाची वही घेऊन आला. धूळ झटकली. आठ महिने मी जे जे सांगितलं ते सगळं त्यात होतं, एक शब्द न गाळता, त्याच्या त्या बारीक अक्षरात. वही त्यानं माझ्या हातात दिली आणि शेजारी बसला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्याला खरोखरच माहिती हवी होती.

"मास्तर, ह्यात अजून काय काय चुकलेलं हाय, तेवढं सांगा."

मी पहिलं पान उघडलं. पहिलंच वाक्य होतं, जमीन गोल है, म्हणजे पृथ्वी गोल आहे. यासीन माझ्या तोंडाकडं बघत होता, आणि मला 'हे बरोबर आहे' एवढं म्हणायला जितका वेळ लागला, तितका पुढं आयुष्यात कुठल्याच उत्तराला लागला नाही.